एक फेरी आधीची घंटा

४ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

तुझ्या कोटाची बटणं शोधत आपण दोघी शाळेच्या मैदानावर गवतात रांगत होतो, आठवतं? थंडी आहे म्हणून सिस्टरनी कोट काढू दिला नव्हता, आणि तू पळता पळता तो असा काही ओढलास की सातही बटणं चिमण्यांसारखी उडाली. सिस्टर मैदानाच्या कडेला उभ्या. सगळी सापडल्याशिवाय आत यायचं नाही, असा हुकूम. मी गवताची काडी न् काडी बाजूला करत होते, आणि तू उताणी पडून ढग बघत होतीस. "मोजपट्टे, तू शोधतेयस ना? मग दोघींनी कशाला दमायचं?" सहा सापडली. सातवं अजून तिथंच असेल.

हे आज का आठवलं ते सांगते, पण जरा दमानं. आधी खुशाली. तुझे गुडघे आणि तुझे जावई, दोघंही वठणीवर असतील अशी आशा करते. मी बरी आहे. गॅलरीतला नळ गळायचा थांबला. प्लंबर काही आला नाही, नळच कंटाळला. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला त्या बोटभर पडद्यावर अक्षरं टिपता येत नाहीत, तेव्हा आपलं हे पत्रच बरं. सिस्टरांनी अक्षर घोटून घेतलं त्याचं चीज होतंय.

शाळेचं शेवटचं वर्ष चाललंय माझं. एप्रिलअखेर सुटका. एवढी मोठी शाळा, गं! मधल्या सुट्टीत जिन्यात पोरांचा लोंढा आला की मी भिंतीला पाठ लावून उभी राहते, धरणाचं दार उघडल्यावर माणूस उभा राहतो तशी. दरवाज्यातून आत शिरलं की डाव्या हाताला सोनेरी अक्षरांत गुणवंतांची पाटी, उजव्या हाताला ढाल-करंडकांचं कपाट. शिक्षकांच्या खोलीतही तसंच. एका टेबलावर तपासायच्या पेपरांचे गठ्ठे, दुसऱ्या टेबलावर मलमाच्या बाटल्या आणि हवा गेलेले चेंडू. दोन्ही टेबलांच्या चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या. ह्या दोन देशांच्या सीमेवर माझी खुर्ची. दिवसभर गणित शिकवायचं, आणि लांब पल्ल्याची शर्यत असली की मैदानावर जाऊन फेऱ्या मोजायच्या. खेळाचे सर, ज्यांना पोरंच काय मुख्याध्यापिकासुद्धा पाठीमागे 'शिट्टी' म्हणतात, ते सगळ्यांना सांगतात, "बाईंनी मोजलं म्हणजे देवानं मोजलं."

मी अजून बटणांनीच मोजते. हस, हस. तुझी ती सहा राखाडी बटणं. आपल्याकडे लांब शर्यत सहा फेऱ्यांची होती, इथली सात फेऱ्यांची, म्हणून सातवं बटण ह्यांच्या जुन्या ओव्हरकोटाचं घातलंय, तपकिरी. सगळी उजव्या खिशात. एक फेरी झाली की एक बटण डाव्या खिशात. उजवीकडे एकच उरलं की घंटा वाजवायची, म्हणजे शेवटची फेरी. तुझ्यासाठी मोजायची तशीच. ह्यात कधी चूक झाली नाही.

बारकीबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं ना? दहावीतली पोरगी. पाय म्हणजे नुसत्या काठ्या, पण पळायला लागली की मैदान लहान वाटतं. आमच्याकडे नियम असा की गणितात नापास झालेल्या मुलाला मैदान बंद. शिट्टी दर वर्षी माझ्यावर ओरडतात, "बाई, तुमच्या बीजगणितानं माझा आख्खा रिले संघ खाल्ला!" ह्या वर्षी बारकीलाही खाणार होतं. म्हणून जूनपासून रोज मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसले. वेग, वेळ, अंतर. एकदा म्हणाली, "बाई, ह्या उदाहरणातल्या गाडीचा वेग सारखाच कसा राहतो?" म्हटलं, मानून चालायचं. तर म्हणते, "तिचे पाय दुखत नाहीत ना, म्हणून." पास झाली. काठावर का होईना, पण स्वतःच्या बळावर.

शुक्रवारी आमच्याच मैदानावर विभागाची निवड होती. लांब शर्यतीत पहिली येईल तिला क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, शिक्षण, पळणं सगळं तिथंच. बारकीची आई शहराची बस चालवते, घरात ती एकटीच मिळवती. तेव्हा ही जागा म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

सकाळी संचलनाच्या आधी बारकी धावत माझ्या वर्गात आली. जॅकेटचं बटण तुटलेलं. सुईदोरा माझ्या पिशवीत असतोच, सिस्टरांची कृपा. पिशवीत हाताला लागलं ते बटण लावून दिलं. हिरव्या जॅकेटवर जरा विजोड दिसत होतं, पण पोरीनं आरशात बघून असा काही सलाम ठोकला की मला हसू आवरेना.

मग शर्यत झाली. टिटवे, इथून पुढचं मला नीट लिहिता येत नाहीये. तीनदा लिहून खोडलं.

बारकी पुढे होती, बरीच पुढे. मग घंटा वाजली. ती जीव खाऊन पळाली, रेषा ओलांडली आणि गवतावर बसली, हात वर करून. मागून दुसरी एक मुलगी येत होती. तिचे प्रशिक्षक पलीकडच्या वळणावरून ओरडत होते, "थांबू नको, अजून एक आहे!" ती मुलगी तशीच पुढे गेली. शिट्टी गोळाफेकीच्या बाजूनं धावत आले, माझ्या टेबलावरची घंटा उचलून त्यांनी वाजवली. सगळ्या पोरी बारकीवर ओरडायला लागल्या, "ऊठ, ऊठ!" ती उठली, पण पाय आखडले होते तिचे. चौथी आली.

सगळे म्हणतात, पहिली घंटा शाळेची. इमारतीत वर्ग चालूच होते आणि आमचे घंटेवाले काका तास बदलला की व्हरांड्यात हातानं पितळी घंटा वाजवत फिरतात. मैदानावरची घंटाही त्याच घरातली, सख्खी बहीण. पोरगी फसली, असं म्हणतात.

बारकी म्हणते, बाईंनीच वाजवली.

आणि मला, टिटवे, काहीच आठवत नाही. घंटा माझ्या हातात होती हे आठवतं. ऊन डोळ्यांवर येत होतं हे आठवतं. ती हिरव्या कपड्यांतली पोरगी शेवटची वळणं घेत होती, हेही. वाजवली की नाही, तेवढं मात्र पुसून टाकलेल्या फळ्यासारखं आहे. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. बाईंना काय विचारायचं!

बारकी अजून एक गोष्ट सांगते. मी तिला हाक मारली म्हणे, कुठल्याशा भलत्याच नावानं. ते नाव आत्ता लिहीत नाही. ऐकण्यात चूक झाली असेल तिची.

जावयांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल.

तुझी,
मोजपट्टी

१३ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. त्यातल्या दोन ओळी गुडघ्यांच्या. उरलेल्या दोन मात्र अशा, की पत्र घेऊन मी खुर्चीत बसले ती चहा निवेपर्यंत. "नाव काय घेतलंस ते लिहिलं नाहीस. मी बहिरी झालेय, आंधळी नाही."

सांगते. पण आधी बाकीचं ऐक.

त्या शर्यतीनंतर सोमवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. ही माझीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसून पेन्सिली कुरतडायची. आता तिच्या टेबलावर पेन्सिल दिसली की मी बघते, दातांच्या खुणा आहेत का. मला बघून उभी राहिली. "बाई, बसा ना. आपण एवढंच लिहून देऊ, की शाळेच्या घंटेमुळे मुलीचा गैरसमज झाला. कुणाचीच चूक नाही, निकाल आहे तो कायम. तुम्ही फक्त सही करा."

मी म्हटलं, "आणि घंटा मीच वाजवली असेल तर?"

"बाई, तुम्ही?" ती हसली. मग हसू मावळलं तिचं. दार लोटून घेतलं. "पंचांकडून चूक झाली तर शर्यत पुन्हा घ्यावी लागते. तेही चालेल. पण मग तुमच्याबद्दल बोलतील, बाई. वय झालं, लक्षात राहत नाही, बोर्डाचे पेपर हिच्याकडे कसे देता... दोन महिने राहिलेत तुमचे. मला तुमचा निरोप समारंभ करायचाय, चौकशी नाही."

खरं सांगू? तिच्या बोलण्यात मला नुसती माया दिसली. म्हणूनच जास्त गोंधळले. कुणी दटावलं असतं तर मी ताठ उभी राहिले असते. सगळे मिळून मला सांभाळायला लागल्यावर काय करायचं? शिट्टींनी तर माझ्यासाठी त्यांच्या देशाच्या किटलीतला चहा आणून ठेवला. ह्या शाळेत असं कधी घडलं नव्हतं. म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. पोरी आहेत, हरल्या की काहीही बोलतात." मी घंटेवाल्या काकांना गाठलं. ते म्हणाले, "वाजवली की बाई, नेहमीसारखी. आता तुमच्या शर्यतीच्या आधी का नंतर, ते मला कुठलं कळायला? माझी पाठ होती मैदानाकडे."

म्हणजे शाळेची घंटाही वाजली होती. मग माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

परवा बारकीची आई घरी आली, ड्युटीच्या खाकी कपड्यांतच. बस स्टँडवर लावून आली होती. दाराशीच उभी. "बाई, माझ्या पोरीनं तुमचं नाव घेतलं, त्याची माफी मागायला आले. वर्षभर तुम्ही तिच्यासाठी जेवण सोडून बसलात, आणि ही कार्टी... चल, पाया पड बाईंच्या."

बारकी मागे उभी होती, मान खाली. पाया पडली नाही. हळूच म्हणाली, "मी खोटं बोलत नाही, आई."

"गप्प बस!"

"बाई तेव्हा घंटा वाजवून ओरडल्या, 'चल गं टिटवे, शेवटची!' मी ऐकलं. बाई, टिटवी कोण?"

झालं. लिहिलं मी.

ह्या शाळेत तुझं हे नाव कुणालाही माहीत नाही. मी कधी उच्चारलंच नाही. ह्यांना माहीत होतं, ते गेले. माझ्या आईला माहीत होतं, ती गेली. आता जगात ते नाव तुझ्या माझ्या पत्रांतच राहिलंय. आणि ही पंधरा-सोळा वर्षांची पोरगी माझ्या दारात उभी राहून मला विचारते, टिटवी कोण. तिला ते कुठून मिळणार, माझ्या तोंडून नाही तर?

शर्यतीनंतर लगेच, गवतावरून उठतानासुद्धा, ती हेच म्हणाली होती. तेव्हाच मला सगळं कळलं होतं, टिटवे. मागच्या पत्रात मी 'ऐकण्यात चूक झाली असेल' असं लिहिलं, ते मुद्दाम तुझ्यापासूनही लपवायला. कारण एकदा ते नाव लिहिलं की मग दुसरंही लिहावं लागलं असतं. आईचं शेवटी काय झालं ते तू पाहिलंस. मी पन्नाशीची, हातात भाजीची पिशवी, आणि ती दारात उभी राहून विचारायची, "शाळा सुटली का गं तुझी?" किती प्रेमानं विचारायची! तेच मला भीतीदायक वाटायचं. तिला भीती कशी ती वाटतच नव्हती.

मग मीही त्या दुपारी उन्हात उभी राहून आपल्या मैदानावर होते का? बारकी नाही, तूच पळत होतीस का? मला आठवत नाही. पण वाईट वाटलं असेल असंही वाटत नाही. तुला सांगू, मन लावून त्या वेळेकडे बघितलं, की पुसलेल्या फळ्यामागून एक आनंद तेवढा हाताला लागतो.

त्या दोघींना आत बसवलं. पाणी दिलं. आईला बसची वेळ होत होती. तिनं हातातलं हिरवं जॅकेट पुढे केलं. "हे बाई तुम्ही बटण लावून दिलं होतंत. चांगलं जुन्या वळणाचं दिसतंय, कुणाची आठवण असेल. काढून देऊ का?"

तपकिरी बटण, चार भोकांचं, कडेला जरा चरा पडलेला. ह्यांना बसच्या दारात तो कोट अडकवायची सवयच होती.

मी उठून माझा मैदानावरचा कोट आणला. डावा खिसा टेबलावर उलटा केला. राखाडी, राखाडी, राखाडी. सहा. कितीही वेळा मोजली तरी सहाच. त्या सकाळी मी सातवं बटण बारकीच्या छातीवर शिवलं, आणि मग उरलेली बटणं पिशवीतल्या पुरचुंडीतून खिशात ओतली, न मोजता. जन्मभर मोजत आलेल्या बाईनं मोजायची वस्तूच मोजली नाही.

सहा बटणं म्हणजे सहा फेऱ्या. पाच झाल्यावर उजव्या खिशात एक उरलं आणि माझ्या हातानं घंटा वाजवली. हातानं आपलं काम चोख केलं होतं.

बारकी टेबलापाशी सरकली. हुशार आहे गं ती, काठावर पास होणारी वाटत नाही. तिनं जॅकेटवरच्या बटणाला हात लावला, टेबलावरच्या सहा बटणांकडे बघितलं, ओठ हलवले. मोजत होती. मग म्हणाली, "म्हणजे बाई, माझ्यामुळेच झालं?"

"नाही. सुईदोरा माझा होता."

तिची आई काही न कळून दोघींकडे बघत होती.

त्या गेल्या. एका बाजूनं इतकं हलकं वाटलं! बटण कमी होतं, डोकं नाही. मग दुसऱ्या बाजूनं मनात आलं, बटण कमी होतं म्हणून घंटा आधी वाजली हे ठीक. पण 'टिटवे' का म्हटलं? त्याला कुठलं बटण कमी होतं? की खिशात नेमकी आपलीच सहा आली, म्हणून हातानं जुनी शर्यत मोजली आणि तोंडानं जुनी हाक मारली? की हे सगळं उलटं आहे, डोकं आधीच गेलं होतं, म्हणूनच ते बटण मी शिवून बसले? बारकीला शिकवते तसं कागदावर मांडून बघितलं. दोन अज्ञात, समीकरण एकच. उत्तर निघत नाही.

गुरुवारी समितीची बैठक आहे. सही मागतील. काय करू ते लिही, असं म्हणणार होते, पण तुझं उत्तर गुरुवारच्या आत येणार नाही. मला आपलं सवयीनं विचारावंसं वाटलं.

तुझी,
मोजपट्टी

१६ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

कसं काय, हे विचारायलाही आज वेळ नाही. हे पत्र उद्या सकाळी शर्यतीच्या आधी टाकायचं आहे. हो, उद्या शर्यत आहे. सांगते.

काल बैठक झाली. मुख्याध्यापिका, शिट्टी, विभागाचे दोघं अधिकारी, आणि जिंकलेल्या मुलीचे ते प्रशिक्षक. कागद तयार होता. माझ्यापुढे पेन ठेवलं. मी पेन बाजूला सरकवून टेबलावर सहा बटणं मांडली. शिट्टींना वाटलं मी औषधाच्या गोळ्या काढतेय. पाण्याचा पेला पुढे केला त्यांनी.

मी म्हटलं, "पहिली घंटा मी वाजवली."

मोठ्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "तुम्हाला नक्की आठवतं, मॅडम?"

"नाही. मुळीच आठवत नाही."

मुख्याध्यापिकेनं डोळे मिटून घेतले, गं. मला तिचीच दया आली.

"आठवत नाही, मग कशावरून सांगताय?"

"कशावरून ते सांगते." आणि मी उठून फळ्यापाशी गेले. बसून मला काही सिद्ध करता येत नाही. तिथं फळा होता हे नशीब. खडू घेतला आणि एक एक पायरी लिहिली. बटण कुठं शिवलं. खिशात किती उरली. मी कशी मोजते. आणि शेवटची पायरी, की मुलीनं एक नाव ऐकलं, जे ह्या इमारतीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तुझं नाव मी त्या फळ्यावर लिहिलं, टिटवे. चांगलं मोठ्या अक्षरात.

दुसरे अधिकारी तरुण होते. म्हणाले, "म्हणजे हे आठवणीवरून नाही, तर्कावरून आहे."

मी म्हटलं, "पोरांना आयुष्यभर तेच सांगत आलेय. उत्तर आठवत नसलं तरी पायऱ्या लिहा. पायऱ्यांना गुण असतात."

शिट्टी फसकन हसले आणि मग त्यांनी रुमाल काढला. सर्दी झाली म्हणाले.

पण ते प्रशिक्षक हसले नाहीत. ते उभे राहिले. "बाई, तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे, मान्य. पण माझ्या पोरीनं काय केलं? ती सात फेऱ्या धावली. पूर्ण. घंटेवर नाही, माझ्या बोटांवर भरवसा ठेवला तिनं. आता तिच्या घरी जाऊन मी काय सांगू? तुझं पहिलेपण परत दे, कारण एका बाईंनी बटण शिवलं?"

  सिस्टर म्हणायच्या, खरं बोललं की मन शांत होतं. माझं नाही झालं. बारकीला तिची शर्यत परत मिळाली, ती दुसऱ्या एका टिटवीच्या हातातून काढून. मी त्यांना तेवढंच म्हटलं, "मी येऊन सांगते तिच्या घरी. तुम्ही सांगू नका." ते म्हणाले, "नको. तुम्ही आलात तर ती तुमच्यावर रागावूही शकणार नाही. रागवू दे तिला."

शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं. उद्या सकाळी, त्याच मैदानावर. शाळेला सुट्टी, म्हणजे व्हरांड्यातली घंटा वाजणार नाही. मोजायला तिघंजण, आणि फेरीच्या आकड्यांची पाटीही आणणार आहेत. मी प्रेक्षकांत.

दहावीचे वर्ग सोमवारपासून नव्या गणिताच्या बाई घेतील. मीच सुचवलं. मुख्याध्यापिका म्हणाली, "बाई, एवढ्यासाठी कशाला?" मी म्हटलं, "एवढ्यासाठी नाही. तपासून घेते स्वतःला, मग बघू." मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. ते काय सांगतील माहीत नाही. काही नाही म्हणाले तरी माझा विश्वास बसेल की नाही, तेही माहीत नाही. कधी वाटतं नुसतं एक बटण होतं. कधी वाटतं आई दारात उभी आहे.

संध्याकाळी बारकी भेटली, मैदानाला एक चक्कर मारून आलेली. मी म्हटलं, "उद्या ऐकायचं नाही कुणाचं. स्वतः मोजायचं." म्हणाली, "मोजणार बाई. पण तुम्ही एकदा ओरडाल ना? शेवटच्याला?" विचारलं, काय म्हणून ओरडू? ती जरा लाजली. "तेच."

मी होकार दिलेला नाही. ते नाव तुझं आहे. पण तुझ्या पायांना आता त्याचा उपयोग नाही, असं माझं मत पडतं. रागावलीस तर तसं लिही.

निकाल लागायच्या आत हे पत्र पेटीत टाकणार आहे. मलाच माहीत नसलेली गोष्ट तुला कळवता येत नाही, आणि कळल्यावर लिहीत बसले तर पत्राचा सूरच बदलेल.

आता एक काम. हे पत्र फाडू नकोस, जपून ठेव. माझं डोकं पुढे साथ देईल न देईल, तू तरी लक्षात ठेवशील. शाळेच्या कपाटातली लाकडी कंपास आणि मोठा कोनमापक नव्या गणिताच्या बाईंना द्यायचा. कोनमापकाचा एक कोपरा तुटलाय, पण काटकोन अजून काटकोनच आहे, हे त्यांना सांगायचं. माझी काळी छत्री शिट्टींना. नाहीतरी दर पावसाळ्यात तेच नेतात, आता परत आणायचा त्रास वाचेल. अर्धवट कुरतडलेली एक पेन्सिल माझ्या टेबलाच्या खणात पुडीत ठेवली आहे, ती मुख्याध्यापिकेला, निरोप समारंभ झाला तर त्या दिवशी, नाही झाला तरी. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची जिथं आहे तिथं माझी घरची किटली ठेवायची, मधोमध, दोन्ही टेबलांसाठी एकच. सिस्टरांनी बक्षीस दिलेलं चांदीचं अंगुस्तान तुझ्या नातीला, तिला शिवणं आवडत नसलं तरीही. ह्यांचा ओव्हरकोट बारकीच्या आईला. पहाटेच्या बसला थंडी असते. एक बटण कमी आहे, ते तिला समजेल.

ते तपकिरी बटण बारकीच्या जॅकेटवरच राहील. उद्या ती पहिली येवो, नाहीतर शेवटची. कुणीही ते काढायचं नाही.

तुझी सहा ह्या पाकिटात घातली आहेत. मोजून घे.

तुझी,
मोजपट्टी